आधी नाव, मग कुंकू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा. आपण रोज देवाला हाक मारतो, मग ती मध्येच अडकते कुठे? दोष कुणाचा — देवाचा?

ऐका तर. चिपळूणकडच्या इंदूताई. लेकीचं, अनुजाचं लग्न ठरलेलं. आणि ओटीवर कोण येऊन बसलंय? सख्खा भाऊ, वसंतदादा! रुसून कित्येक वर्षं उंबरा न चढलेला माणूस. दुपारच्या एसटीनं परत निघणार. आज पत्रिका हातात पडली नाही, तर हा पुन्हा यायचा नाही, हे बाईला पक्कं ठाऊक.

पण रीत काय? पहिली पत्रिका कुलदेवीला, मग माहेरी. पाकिटांवरची नावं अनुजा कॉम्प्युटरवरून छापणार. तुम्ही म्हणाल, बुवा, पेनानं लिहायचं की! अहो, साऱ्या गावाला छापील आणि रुसलेल्या भावाला घाईनं खरडलेलं? रुसवा निघेल की वाढेल?

पहिलं पाकीट बाहेर आलं — देवीचं नाव अर्धंच!

"आई, मशीन याला मोठा कागद समजतंय," म्हणत अनुजानं पाकिटाचं माप निवडलं. पुन्हा छापायला गेली, तर खर्रर्र... दोन पाकिटं एकदम आत गेली आणि अडकली.

"मेलं मशीनच खराब," इंदूताई करवादल्या.

तेवढ्यात ओटीवरून आवाज. "इंदू, निघतो गं. गाडी चुकेल."

बाईनं मशीनकडे धाव घेतली. चुरगळलेली पाकिटं ओढून काढली, तर कोपरे लाल, ओले, एकमेकांना चिकटलेले. स्वतःची बोटंही लाल. मंडळी, सकाळीच भक्तिभावानं साऱ्या गठ्ठ्याला ओलं कुंकू लावून ठेवलं होतं बाईनं!

"अगं बाई, हे मीच केलं," त्या पुटपुटल्या.

अनुजानं आतला रूळ पुसला. जादा आणून ठेवलेली कोरी, कोरडी पाकिटं लावली. आणि काय सांगू! मघाशी ज्याला मेलं म्हटलं, त्या मशीनच्या पोटातून देवीचं नाव उमटत आलं, अक्षर न् अक्षर जिथल्या तिथं. इंदूताईंचे हात आपोआप जुळले. मागोमाग दुसरं नाव आलं. त्यावर कुंकू लावून त्या ओटीवर धावल्या.

दादांनी पाकीट निरखलं. "देवीनंतर कुणाचं छापलंस?"

"तुझ्या हातात आहे ते."

दादा पुन्हा खाली बसले. डोळे पुसले. म्हणाले, "चहा टाक. गाडी उद्याही असते."

मंडळी, मशीन निर्दोष होतं. कुंकूही निर्दोष. पण नाव आधी, कुंकू मागून! आता स्वतःकडे बघा. गंध लावलंत, माळ घातलीत, आत नाव उमटलंय का? आणि घरी कुणी रुसून बसलंय, त्याचं? जा, आधी त्याला हाक मारून या. आरती तोवर थांबेल.