बक्षीस मिळालं, पण पाहिलं कुणी?

सन्माननीय अध्यक्ष किशनराव, व्यासपीठावरील मान्यवर, टॉकीजचे व्यवस्थापक व्यंकटराव काका आणि समस्त सेलूकर बंधू-भगिनींनो,

येलदरीच्या मासेमार बायांवर मी केलेल्या चित्रपटाला पुरस्कार मिळाला, म्हणून आपण मला शाल पांघरलीत. मी आभारी आहे. पण मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे, ती बोलू का? मघाशी एका वक्त्यांनी चित्रपटातल्या गाण्यांची तारीफ केली. त्यात गाणं नाही. त्यांना दोष कसा देऊ? इथे चित्रपट कुणी पाहिलेलाच नाही. मला घरीच अक्षरओळख करून देणाऱ्या वडिलांची मात्र पहिली ताकीद होती, न पाहिलेल्याची स्तुती करू नये.

गेल्या शुक्रवारी तो आपल्या टॉकीजला लागणार होता. काकांनी पोस्टरवर ‘पुरस्कारप्राप्त’ अशी लाल पट्टी चिकटवली. पूर्वी ती पाहून माणसं आत यायची म्हणे. यावेळी एक गृहस्थ तिकीट खिडकीशी थबकले.

“गाणी हायत, का नुसतं बक्षीसच?”

“बक्षीसच,” काका म्हणाले. गृहस्थ समोर चहाला गेले.

मला आधी हसू आलं, मग फार थकल्यासारखं झालं. त्यांचं काय चुकलं? बक्षीस देताना त्यांना कधी कुणी विचारलं होतं? आम्ही चित्रपटवाले आपसातच टाळ्या वाजवत राहिलो.

माणसं जमेनात, म्हणून खेळ रद्द झाला. तेवढ्यात येलदरीहून एसटीने कुसुमबाई पोचल्या, जावांना सोबत घेऊन. चित्रपटात मुख्य काम त्यांचं. पुरस्कार सोहळ्याला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बंद दार पाहून म्हणाल्या, “ताई, समदे म्हणायलेत लय भारी काम केलंय म्हणून. मला बी दावा की, काय केलंय ते!”

मी तिथेच काकांकडे शब्द टाकला.

आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. अध्यक्ष महोदय, माझ्या कौतुकाची अजून काही भाषणं बाकी आहेत. ती राहू द्यावीत, ही नम्र विनंती. काकांनी माझ्या शब्दाखातर यंत्र इथे आणलं आहे. चित्रपट तासाभराचाच आहे. कंटाळा आला तर खुशाल उठा, फक्त कुसुमबाईंच्या समोरून जाऊ नका.

आपल्या मायेची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर दिवे पुन्हा लागल्यावर सांगा.

काका, मालवा आता.