सुतकात अंतिम सामना

मंडळी, तुम्ही आलात. निर्मळहून आलात, एव्हरशाईनहून आलात, आमच्या मनवेलपाड्यातून आलात. खुर्च्या कमी पडल्या, मघापासून मला त्याचीच काळजी लागली आहे. मागे उभे आहेत त्यांनी भिंतीला टेकलं तरी चालेल. मला बोलता येत नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढे कारखाना. आणि सुनेच्या शोकसभेत सासऱ्याने बोलायचं, हे उलटंच झालं. पण माझा मुलगा संदीप बोलू शकत नाही. म्हणून मी उभा आहे.

माधवी गेली. मंगळवारी उपांत्य सामना जिंकून घरी आली. म्हणाली, "बाबा, छातीत जळजळतंय, सोडा आणता का?" मी सोडा घेऊन आलो तोवर शेजारी तिला उचलून खाली नेत होते. ती बाटली अजून फ्रीजमध्ये आहे. कोणी काढत नाही. मीही काढत नाही. मला रडू येत नाही, मंडळी. काय झालं ते कळतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरात झाल्यासारखं वाटतं.

ह्या समोर बसलेल्या मुली तिच्या. नेटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये आपल्या भागाचा संघ आहे, त्याची ती प्रशिक्षक. माझी नात तन्वी त्याच संघात गोल करते. आज संध्याकाळी ठाण्याला अंतिम सामना आहे. आणि आमच्या घरात सुतक आहे.

मी सामन्यांना जायचो, पण तन्वीच्या हातात बॉल आला की मान खाली घालायचो. माधवी म्हणायची, "बाबा, चपला काय बघताय? तुम्ही बघितलंत म्हणून तिचा नेम चुकत नाही." एकदा मी विचारलं, "सगळ्या धावतात, ही एकटी गोलच्या खांबाखाली का उभी?" म्हणाली, "तिला तिची जागा सोडून पलीकडे जाता येत नाही. बाकीच्या बॉल आणून देतात." मी म्हटलं, "आणि नाही आणला तर?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणजे ना, बाबा."

माझी मोठी बहीण अक्का चिपळूणहून आली आहे, ही पुढेच बसली आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आईचे दिवस व्हायचेत आणि पोरगी फ्रॉक घालून टीव्हीवर उड्या मारणार?" मी म्हटलं, नाही मारणार. तेरावं होईपर्यंत खेळ बंद. घरात मोठा मीच. मग तन्वीला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "आजोबा, तुम्ही म्हणाल तसं." चहात साखर कमी पडली तरी भांडणारी मुलगी ही. तुम्ही म्हणाल तसं, असं ती कधी बोलत नाही. मला धडकीच भरली.

काल दुपारी एलिशा आली, संघाची कप्तान, निर्मळची. वाडीतली केळी घेऊन आली. मी दारातच सांगितलं, "तन्वी येणार नाही." म्हणाली, "न्यायला नाय आले, आजोबा. तिच्याजवळ बसायला आले." दोघी गॅलरीत बसल्या. आई गेल्यापासून तन्वी भात नुसता चिवडत होती. एलिशाने एक केळं तोडलं आणि तिच्याकडे फेकलं. तन्वीने झेललं आणि लगेच परत फेकलं. त्यांच्या खेळात बॉल हातात धरून बसायचं नसतं, तीन सेकंदांत सोडावा लागतो. केळं इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी दारात उभा. पडेल, लादी खराब होईल, हेच माझ्या मनात. अक्का म्हणाली, "अन्नाशी खेळतायत बघ." शेवटी केळं पार मऊ झालं. तेव्हा तन्वीने ते सोललं आणि खाल्लं. सगळं खाल्लं.

अक्का, दुसरं केळं तूच तिच्या हातात दिलंस. मी पाहिलं.

मंडळी, मी सुतक पाळणारा माणूस. संदीप आणि मी ते पाळू, दिवस नीट करू. पण तन्वी आज खेळायला जाईल. हरली तर लोक म्हणतील, सुतकात गेली म्हणून हरली. जिंकली तर म्हणतील, आईला विसरली. तिचा पाय मुरगळेल, ऐन वेळी आई आठवेल, नेम चुकेल. मला सगळ्याची भीती वाटते. मला गप्प करणारी होती, ती गेली. तरी तन्वी जाईल. कोणाला बोल लावायचा असेल त्याने मला लावावा. मुलीला काही विचारू नका.

तन्वी, हे घरीच सांगायचं होतं. सकाळपासून मला तोंड उघडता आलं नाही. इथे चारचौघांत सांगितलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

संघाची गाडी खाली उभी आहे. घोडबंदरला रहदारी असते, उशीर नको. उठा, मुलींनो. पाणी घेतलंत का? एलिशा, तिला खिडकीजवळ बसव, तिला गाडी लागते.

आता आपण बाकीचे उभे राहू. घड्याळ कोणी बघू नका. मुली जिना उतरतील, गाडी सुरू होईल. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत माधवीसाठी गप्प राहू या.