सीआयडी अभिमन

धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर धरणगावच्या गाडीची रांग लागली होती. पुढच्या दोघांचे आवाज ओळखीचे निघाले, तसा सुंदरबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला.

"गुरुजी, स्वातंत्र्यसैनिकस्ना सत्कारमा आपला अभिमनले काय म्हनना तो पुढारी?"

"सीक्रेट एजंट. बेचाळीसला भूमिगतांनीच त्याला पोलिसांच्या स्वयंपाकाला लावून दिलं होतं, कौतिक आबा. धाडीची खबर तोच आधी पोचवायचा."

"आन् बठ्ठा गाव त्याले सीआयडी म्हने!"

"मीही म्हणायचो. परक्याचा तो स्पाय, पोलिसांना खबर विकणारा तो इन्फॉर्मर, आपला तो सीक्रेट एजंट. इंग्रजीचे एवढे शब्द पोरांना घोकायला लावले मी, आणि त्या माणसाला एकच शब्द दिला."

"पन त्यानी सांगाले नको व्हतं? स्वराज्य तर मिळनं व्हतं!"

"सांगितलं ना. पारावर येऊन हात जोडून सांगितलं. आपण हसलो."

"तो मरना तव्हय तिरडीले खांदेकरी तीनच व्हते, गुरुजी. मी घरमा बशी ऱ्हायनू."

"मग चौथा कोण?"

"कोन जाने. त्यानी बायको बी गाव सोडीसन भाऊकडे धरणगावले गयी. चला, गाडी लागनी."

रांग हलली. आबा मागे वळले.

"अक्का, बोचकं जड शे तुमनं. द्या इकडे, मी खांद्यावर लेस."

"ऱ्हाऊ द्या, आबा. तो चौथा खांदा माझाच होता."