पंचफुलाबाईंच्या पानाचा नवा पत्ता

अरुणाकाठ महिला आरोग्य मंडळाच्या आणि आजच्या समारंभाच्याही अध्यक्षा आदरणीय शीलाताई, केळापूरहून एसटीचे धक्के सोसत आलेले प्रमुख पाहुणे बबनराव, आजच्या सत्कारमूर्ती पंचफुलाबाई, तांड्यांवरून आलेल्या सगळ्या बाया आणि दिग्रसकर मंडळी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पंचफुलाबाईंना निरोपाची शाल, श्रीफळ आणि साडी. मंडळात मला दहा वर्षं झाली तेव्हा नुसतं श्रीफळ मिळालं होतं, तेही आतून वाळलेलं निघालं. असो. आज त्यांचा दिवस आहे.

गौरव करायचा तर कामाचाच करायला हवा. आपल्या वेबसाईटवरचा मराठी मजकूर मी, विजयमाला, लिहिते आणि पंचफुलाबाई तो तांड्यावरच्या बंजारा बायांसाठी त्यांच्या गोरबोलीत उतरवतात. एकदा मी लिहिलं होतं, 'गरोदरपणातील रक्तक्षय ही दुर्लक्षिण्याजोगी बाब नव्हे.' अख्खी दुपार त्या वाक्यावर घातली होती. यांनी त्याचं काय केलं? विचारलं तर म्हणाल्या, "म्या एवढंच लिवलं बाई, डोये पांढरे दिसून राह्यले तं वाट नोका पाहू."

माझं पान महिन्याला चाळीसेक जण उघडायचे. त्यांचं सातशे! बसस्टँडवर एका बाईनं मला थांबवून विचारलं, "तुमी पंचफुलाबाईच्या वेबसाईटवर काम करता ना?" मंडळी, खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं, पुढे रोज दुखायला लागलं.

फेब्रुवारीत आपण वेबसाईट नव्या पत्त्यावर नेली. जुना पत्ता फुकटातला, आणि एवढा लांबलचक की सांगता सांगता धाप लागायची. काम यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्या रोशनभाऊंकडे होतं, देखरेख माझ्याकडे. भाषांतराची एक वेगळी खिडकी असते. डावीकडे माझं वाक्य, उजवीकडे पंचफुलाबाईंचं. ही खिडकी वेबसाईटला पत्त्यावरूनच ओळखते. रोशनभाऊंनी फोनवर विचारलं, "मॅडम, भाषांतराच्या सेटिंगमधी नवा पत्ता टाकू का? नाही टाकला तं गोरबोली दिसन सारी, पन बदलवता नाही येनार कोनाले."

यावर मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "राहू द्या. त्यांचं सगळं लिहून झालंय." मनात होतं, थोडे दिवस तरी या बाईचा हात थांबू दे.

एप्रिलमध्ये बोरी अरबचं गरोदर बायांचं दर महिन्याचं तपासणी शिबिर सोमवारऐवजी गुरुवारी ठरलं. मराठीत मी लगेच बदललं. गोरबोलीत सोमवारच राहिला. त्या सोमवारी तांड्यावरच्या अकरा बाया कुलूप लावलेल्या फाटकापुढे दुपारी एकपर्यंत उन्हात बसून होत्या. त्यातल्या एकीला चक्कर आली. ती आता बरी आहे, इथे समोरच बसली आहे. तिच्याकडे बघून बोलायचं धाडस मला होत नाहीये.

त्यावर मंडळाची बैठक झाली, तेव्हा सगळ्यांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. "म्या दोनदा बदलवाले बसली. थे खिडकी उघडूनच नाही राह्यली. माह्याच हातून काही बिघडलं असन." मी शेजारच्याच खुर्चीत होते. मी चहा पीत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडत असल्याचं कळवलं. आजच्या पत्रिकेवर 'घरगुती कारणास्तव' असं छापलंय ना? तो मजकूरही माझाच.

हो शीलाताई, तुमची चिठ्ठी मिळाली. आवरतेच आहे.

परवा हे भाषण लिहायला बसले. 'त्यांच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण होईल' इथपर्यंत आले आणि स्वतःचीच लाज वाटली. मंडळी, पंचफुलाबाईंच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. ती खिडकी मी बंद ठेवली होती, समजून उमजून. माझा हेवा आता संपला, असंही समजू नका. आज तांड्यांवरून एवढ्या बाया आल्या, माझ्या निरोपाला किती येतील, हे मघाशी मनात येऊन गेलंच.

काल रोशनभाऊंना फोन करून नवा पत्ता टाकून घेतला. दोन मिनिटांचं काम होतं. खिडकी उघडली, माझी वाक्यं डावीकडे, त्यांची उजवीकडे, सगळी जागच्या जागी. सोमवारही. एप्रिलपासून अंगणवाडीच्या बाया तांड्यातांड्यावर तोंडी निरोप पोचवतायत, आणि पान मात्र अजून सोमवारच सांगतंय. म्हटलं, निदान एवढं तरी आपण दुरुस्त करावं. बोटं कीबोर्डवर ठेवली. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला गोरबोलीतला एक शब्दही लिहिता येत नाही, हे तेव्हा कळलं.

शीलाताई, त्यांचा राजीनामा मंजूर करण्याआधी तो ज्या चुकीपोटी दिला गेला ती माझ्या नावावर लिहून घ्यावी, ही विनंती. मंडळानं बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर सांभाळून घ्यावं. बैठकीत मी गप्प बसले, त्याची माफी मात्र मी एकट्या पंचफुलाबाईंकडे मागते. बाई, ती तुम्ही आज देऊ नका. लॅपटॉप इथे टेबलावर उघडा ठेवला आहे. आज फक्त गुरुवार लिहा.