कुलूप आणि हिचं बोट

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण अवधपुरीचं घर बांधताना इलेक्ट्रिशियनने स्मार्ट वस्तूंची यादी दिली, तेव्हा बोलून लागणारे दिवे, कॅमेरे हे सगळं मी नाकारलं असावं. बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप मात्र हट्टाने घेतलं.

बायको म्हणाली, "अहो, घरात माणूस असताना हे कशाला?"

"मी आत पडलोबिडलो तर तू बाहेर अडकशील."

"काहीतरी चांगलं बोला!"

कुलूप बसलं आणि हिचंच बोट ओळखेना. "भांडी घासून ठसे झिजले माझे," ही म्हणाली. ठसे झिजतात, हे मी वाचलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी ही देवळातून आली की बेल वाजवायची आणि मी गुडघे धरत दाराशी जायचो.

"उठलात? बरं झालं," एवढंच म्हणून ही आत यायची. आपली निवड चुकली, हे मला कित्येक वर्षं खात राहिलं.

परवा कुलूप बदलताना मेकॅनिकने मोबाइलवर जुन्या कुलपाच्या नोंदी दाखवल्या. "अंकल, आंटी की उंगली तो पहले दिन से सेव है."

मी एकटा नागपूरला गेलो होतो, ते आठही दिवस दार हिच्याच बोटाने उघडलं होतं.