कपाटातली किंचाळी

...नाही, पण कपाटात बसण्यात एवढं वाईट काय आहे, मला सांगा! नवऱ्याने दार उघडलं, तर बायको पांघरुणांच्या ढिगात, मांडीवर सहा महिन्यांची लेक, हातात फोन. "तू बरी आहेस ना गं?" अहो बरी आहे, रेकॉर्डिंग चाललंय! पांघरुणं आवाज गिळतात, यासारखा स्टुडिओ नाही... पण हे सांगायचं कुणाला? तो "बरं" म्हणाला आणि हलकेच दार लावून कामावर गेला. हलकेच! जसं काही मीच झोपलेलं बाळ.

तुम्हाला सांगते, मी गाते. म्हणजे, "गाते" असं आई म्हणत नाही, आई म्हणते, "तुझं ते". मेटलकोअर म्हणतात त्याला. नऊ वर्षांचा बँड आहे आमचा, नाव सांगत नाही, सासूबाईंना अजून कळलेलं नाही. तसं सोपं असतं हो. कडव्यात मी किंचाळते, ध्रुवपदात गिटारवाला गोड गळ्याने गातो, आधी काही घडलंच नाही अशा थाटात! मग सगळं एकदम थांबतं... एक श्वास... त्या शांततेत एक लांबच लांब किंचाळी, आणि तिच्या शेपटाला धरून घणाचे घाव पडावेत तशी जड, संथ वाजवणी. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. ती सुरू झाली की पुढ्यातली शे-दोनशे पोरं एकमेकांवर आदळतात, आणि पडलेल्याला तीच पोरं हात देऊन उठवतात. ती किंचाळी माझी. बँडमधली माझी जागा म्हणाल तर तेवढीच.

टायरच्या दुकानामागच्या खोलीत सुरुवात केली. पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं, त्यातली चार आमच्यानंतर वाजवणारी! पुढे दोन अल्बम झाले, एक गळकी व्हॅन झाली, ही पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत मी स्टेजवर होते. ड्रमर म्हणायचा, "तू नुसती उभी राहा गं, उड्या आम्ही मारतो." तोच ड्रमर! सहा महिन्यांत त्याचे तीन फोन. तिसरा सोमवारी.

"हे बघ, तिसरा अल्बम अडलाय. एक नवी मुलगी गाऊन गेली. तुझ्याइतकी नाही... पण येते तरी वेळेवर. तू गुरुवारी संध्याकाळपर्यंत ब्रेकडाउनचा तेवढा तुकडा पाठव. फोनवर केलास तरी चालेल. नाही जमलं तर... समजून घे."

येते तरी वेळेवर! तिच्या मांडीवर कुणी दूध ओकतं का? पण सांगायचं कुणाला?

मंगळवारी बाथरूममध्ये प्रयत्न केला. नळ सोडला, तोंड उघडलं, एकदाच, अर्धीच किंचाळी... आणि दारावर धडाधड थापा. खालच्या मजल्यावरच्या काकू, एका पायात चप्पल. "मारतो का गं तो तुला?" नाही हो काकू, गाणं म्हणत होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, "मारत असेल तरी सांग हो, लाजू नकोस." खरं सांगू? कित्येक महिन्यांत माझा हात असा कुणी धरला नव्हता. त्या दोन मिनिटं बसाव्यात म्हणून "हो, मारतो" म्हणावंसं वाटलं! बिचारा नवरा. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारा माणूस.

बुधवार रडण्यात गेला. लेकीच्या, आणि थोडा माझ्या. आणि तिचं बघाल तर, तुम्हाला सांगते, थक्क व्हाल! "घसा नाही, पोट!" हे माझ्या डोक्यात भरवायला माझ्या गाण्याच्या बाईंना चार वर्षं लागली. ही पहिल्या दिवसापासून पोटातून. तीन तास रडते, घसा बसत नाही! मी चार मिनिटांत खोकते. आता हे कौतुक म्हणून सांगायचं की तक्रार म्हणून, आणि सांगायचं कुणाला?

तर गुरुवारी कपाट. पहिले चार प्रयत्न म्हणजे उकळती किटली. पाचव्याला डोळे मिटले, श्वास पार तळापर्यंत नेला, थांबले... आणि मी तोंड उघडलं त्याच क्षणी मांडीवरनं तिनेही उघडलं! नंतर ती थांबेचना. एका हाताने तिला थोपटतेय, दुसऱ्याने फोन, न ऐकताच पाठवून दिलं. जाऊ दे, म्हटलं, गेली नऊ वर्षं.

तासाभरात ड्रमरचा निरोप. "अगं, काय आहे हे! अंगावर काटा आला. नऊ वर्षांत तू अशी कधीच किंचाळली नव्हतीस. नव्या मुलीला नाही म्हणून कळवलंय. शनिवारी रेकॉर्डिंगला ये!"

मी नाचले. मग ऐकलं. मी आहे त्यात, नाही असं नाही... तळाशी, कुणी शेजारच्या खोलीत खोकावं तशी. वर जी चढत गेलीय, सोलून काढणारी, न तुटणारी, ती सगळी मांडीवरची.

सांगायचं कुणाला? त्याला सांगायला फोन उचलला, तर खाली त्याची आणखी एक ओळ, "फक्त पोरीला घरी ठेवून ये हं, फार आवाज असतो तिथे."

मी नवऱ्याला म्हटलं, शनिवारी रेकॉर्डिंगला तिला तूच घेऊन जा. मी आहे कपाटात.