साखळीच्या दोन कड्या
तुम्ही गेअरच्या सायकलींचं कौतुक करून राह्यले, पण माझ्यापुढं ते नाव काढू नका. आमच्या वाटूर गावात तेव्हा तसल्या सायकली दोनच, शाळेतल्या गुरुजींची जुनी अन् माझी नवी. गुरुजींच्या जुनीचा मागचा गेअर अंदाजानं बसवावा लागायचा, माझ्या नवीचा खटका मारला की बराबर बसायचा. चारचौघांत मी म्हणलो, "गुरुजी, तुमची साखळी लोंबून राह्यली. द्या, ताणून देतो." अन् साध्या सायकलीच्या काढतो तशा दोन कड्या काढून टाकल्या.

गेअरच्या साखळीला ती ढील मोठ्या चक्रासाठी ठेवलेली असते, हे मला कुठं ठाऊक! चढाला गुरुजींनी मागच्या मोठ्या चक्रावर गेअर टाकला. साखळी पुरलीच न्हाई, गेअर मोडून चाकाच्या तारांत घुसला.

मी तारांतून तुकडे उपसून दिले. ते रुमालात बांधत गुरुजी म्हणले, "तुझा गेअर नवा हाय ना, मला वाटलं तुला कळत असंल."